आडव्या चाकाची पाणचक्की : हुस्कवार्नातल्या कामाच्या नोंदी

१६ मार्च २०२४

काम ठरलं. जुलैच्या पहिल्या रविवारी स्वीडनमध्ये गिरण्यांचा दिवस असतो, जुन्या गिरण्या त्या दिवशी लोकांसाठी उघडतात. त्या दिवशी आमच्या गावातल्या मंडळाच्या अंगणात एक पाणचक्की उभी करायची. नुसतं चाक फिरलं, लोकांनी फोटो काढले आणि संपलं, असली नको. वरून दाणे घातले की खालून पीठ आलं पाहिजे. करणारे दोघे : मी आणि शेजारचे निवृत्त सुतार. इथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, मीही त्यांना तशीच मारतो, पण या नोंदींत ते सुतारकाका.

हुस्कवार्ना हे वेटर्न तलावाच्या दक्षिण टोकाजवळचं लहान गाव. आपल्याकडे हे नाव झाडं कापायच्या साखळी-करवतीवरून माहीत असतं. त्या करवती १९५९ पासूनच्या. त्याआधी मोटारसायकली, त्याआधी सायकली, १८७२ पासून शिवणयंत्रं, आणि या सगळ्याच्या आधी बंदुका. शेजारच्या यन्शोपिंगला बंदुकांचा सरकारी कारखाना होता, पण नळ्यांना भोक पाडायला आणि त्या घासायला लागणारा पाण्याचा जोर तिथे नव्हता. इथली नदी तलावाला मिळण्याआधी शेवटच्या टप्प्यात शंभर मीटरहून जास्त खाली उतरते, म्हणून १६८९ साली नळ्यांचं काम इथल्या धबधब्यांपाशी आणलं. गिरणी त्याहून जुनी. मध्ययुगात इथे रुम्लाबोरी नावाची गढी होती आणि गावाला नाव मिळालं ते त्या गढीच्या गिरणीवरून.

आम्ही मात्र गढीची गिरणी करत नाही आहोत. शेतकऱ्यांनी ओढ्यांवर बांधलेली साधी चक्की करतोय. तिचं चाक जमिनीला समांतर असतं, उभा दांडा थेट वरच्या दगडापर्यंत जातो, मध्ये एकही दातेरी चाक नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. चार-सहा घरं मिळून ती बांधायची आणि वसंतात बर्फ वितळला की किंवा शरदात पाऊस झाला की पाणी असेपर्यंत आपापलं दळून घ्यायची. संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्यांना हा प्रकार कळायला वेळ लागणार नाही, तिथलंही चाक आडवंच.

नदीत काहीही करायचं नाही हे आधीच ठरवलं. स्वीडनमध्ये वाहत्या पाण्यात बांधकाम म्हणजे पर्यावरण कायद्याखाली परवानगीचं प्रकरण. वेटर्नमधले ट्राउट मासे अंडी घालायला याच ओढ्यांत चढतात. आणि ही काळजी आजची नाही : नदीच्या सगळ्यात खोल भागातला एक तृतीयांश प्रवाह मोकळा सोडायचा, गिरणीवाल्याने तो अडवायचा नाही, हा नियम मध्ययुगातला. म्हणून टाकी, पंप आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा.

६ एप्रिल

सुतारकाकांनी ओळखीच्या घरून एका जुन्या चक्कीच्या मोजमापांचा कागद मिळवला. त्यावर तारीख नाही. मापं आल्न, फूट आणि तुममध्ये. आल्न म्हणजे ५९.४ सेंटिमीटर, त्याचे दोन फूट, इथपर्यंत भांडण नाही. भांडण तुमचं. जुन्या पद्धतीत फुटाचे बारा तुम, म्हणजे एक तुम २.४७ सेंटिमीटर. १८५५ साली स्वीडनने दशमान पद्धत आणली : फूट तेवढाच ठेवला, तुम दहाच केले, त्यामुळे एक तुम २.९७ सेंटिमीटर झाला. पुढे मीटर आला तरी सुतार मंडळी आपल्या जुन्या तुमाला चिकटून राहिली.

कागदाचं वळण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं वाटलं म्हणून दशमान धरून (मूळ मापाच्या निम्म्याने) काम सुरू केलं. पाती मोठी झाली, ती तासून बसवता आली असती. पण तुंब्याला, म्हणजे चाकाच्या मधल्या ठोकळ्याला, पाडलेल्या खाचाही मोठ्या झाल्या, आणि खाच लहान करायची सोय लाकडात नाही. बर्चचा चांगला सुकलेला ओंडका शेगडीत गेला.

उलगडा त्याच कागदावर होता. एका कोपऱ्यात दांड्याची लांबी फुटांत दिली आहे आणि शेजारी तिचे भाग तुममध्ये. बेरीज बाराच्या हिशोबानेच लागते. असा कागद हाती आला तर एक तरी बेरीज लावून पाहा, मग करवत उचला.

२० एप्रिल

टाकी हजार लिटरची, लोखंडी जाळीतली, वापरलेली, ५०० क्रोनांना. अशा टाक्या स्वस्त मिळतात, पण आधी त्यांत काय होतं हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. आमच्या टाकीत सफरचंदाचा रस होता. पहिले काही दिवस गॅरेजला त्याचा वास आणि माश्या.

पंपाच्या खोक्यावर ताशी १२,००० लिटर लिहिलंय. तो आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसेल तेव्हाचा. आमची पन्हळ चाकापासून १.४ मीटर उंच आहे. तिथे वीस लिटरची बादली धरली तर भरायला आठ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला अडीच लिटर, ताशी ९,०००. पाण्यातली ताकद काढायचा हिशोब सोपा आहे : ९.८१ गुणिले सेकंदाचे लिटर गुणिले मीटरमधली उंची, उत्तर वॅटमध्ये. आमचे आले ३४ वॅट. आडवं लाकडी चाक त्यातला पाव हिस्सा पकडेल असं धरलं तर दगडापाशी आठ-नऊ वॅट. त्यावर मोबाइल चार्ज होईल, दळण व्हायचं नाही.

दुसरा तसाच पंप घेतला, आणखी १,३५० क्रोना. आता सेकंदाला पाच लिटर, ६८ वॅट, चाकावर सतरा. पंप बादलीने मोजल्याशिवाय चाकाचा आकार ठरवू नका. दोन्ही पंप विजेच्या गळतीला तुटणाऱ्या स्विचवरच जोडा. ओल्या अंगणात पोरं असणार आहेत.

पन्हळ लार्चच्या फळ्यांची. गरम गॅरेजमध्ये फळ्या वाळून आकसल्या आणि पाणी सोडताच प्रत्येक सांध्यातून धार. सुतारकाका ढिम्म. त्यांनी पन्हळीची तोंडं चिंध्यांनी बंद केली, पाणी भरून ठेवलं आणि घरी गेले. दोन दिवसांत फळ्या फुगून सांधे आपोआप मिटले. मी तोवर सिलिकॉनची नळी आणून ठेवली होती, ती परत केली. आतून पाइनचं डांबर लावायचा विचार होता. एका तुकड्यावर करून पाहिलं तर तेच पाणी फिरत राहिल्यामुळे तपकिरी फेस आला. डांबर फक्त बाहेरून.

पन्हळीचं तोंड बारा सेंटिमीटर रुंद ठेवलं होतं, त्यामुळे पाणी पातळ चादरीसारखं पात्यांवर पसरायचं आणि निम्मं उडून जायचं. शेवटचा हात-दीड हात झाकून, निमुळता करत चार बाय तीन सेंटिमीटरवर आणला. धार घट्ट झाली आणि चाकाचा आवाजच बदलला. मोकळं चाक मिनिटाला शंभरच्या वर फेरे घेतंय. दळताना सत्तरच्या आसपास मिळाले तर पुरे, कारण पात्याचा वेग धारेच्या वेगाच्या निम्म्याजवळ असताना चाक जास्तीत जास्त ताकद उचलतं.

५ मे

दगड. इथवरचं काम कोणीही करू शकतं, आणि बहुतेकांची हौस इथेच थांबते. बागेतल्या शोभेच्या पाणचक्क्यांना दगड का नसतात ते आता कळतंय.

जुन्या बाजारात हातजात्याची जोडी मिळाली, ९०० क्रोना. व्यास तीस सेंटिमीटर, वरचा दगड सहा सेंटिमीटर जाड, वजन अकरा किलोच्या वर. अशी जोडी सहज मिळत नाही. १६२५ साली गुस्ताव अडॉल्फ राजाने युद्धांच्या खर्चासाठी गिरणीतल्या दळणावर कर बसवला. कर गिरणीच्या दारात वसूल व्हायचा, मग घरी जात्यावर दळणारा सुटणार. म्हणून हातजात्यांवर बंदी आली, ती मोडून टाकायचे हुकूम निघाले. दळण मोजत बसणं सरकारला जमलं नाही आणि काही वर्षांतच त्या कराची माणशी पट्टी झाली. लोकांनी जाती लपवली असणार हे सांगायला इतिहासकार नको.

ओढ्याकाठी पडक्या गिरण्यांपाशी दगड पडलेले दिसतात. ते उचलू नका. १८५० च्या आधीचे असे सोडून दिलेले अवशेष स्वीडनच्या कायद्याने पुरातन म्हणून संरक्षित आहेत, आणि तुम्ही पाहताय तो दगड आधीचा की नंतरचा हे ठरवणारे तुम्ही नव्हे.

१८ मे

दगड चढवला. चाक थांबलं. हाताने ढकलून सुरू केलं, पाव फेरा झाला, पुन्हा थांबलं. दाणे तर अजून घातलेही नव्हते.

कारण वजन. अकरा किलोचा दगड खालच्या दगडावर पूर्ण टेकला की तो फिरवायला जेवढा पीळ लागतो, त्याच्या निम्माही सतरा वॅटचं चाक देत नाही. जुन्या चक्कीत वरचा दगड खालच्यावर टेकतच नाही, तो दांड्याच्या टोकावर तोललेला असतो. दगडाच्या तोंडात आडवी लोखंडी पट्टी असते, आपल्या जात्यात माकडी असते तशीच, आणि ती दांड्याच्या टोकावर बसते. दांडा खाली पाण्यात एका आडव्या तुळईवर उभा. त्या तुळईचं एक टोक पाचरीने वर-खाली करता येतं. तुळई केसभर उचलली की दांडा उचलला जातो, दांड्याबरोबर दगड, आणि दोन दगडांत फट पडते. पीठ बारीक की भरड, हे त्या पाचरीवर. घरच्या जात्यावर डाळ भरडताना मेखेला चिंधीचं वेढणं घालतात, तेही ही फट वाढवायलाच.

कागदावर ती तुळई काढलेली होती, पण आम्ही तिला नुसता पाया समजून पक्की ठोकली होती. उखडली. एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला ओकची लांब पाचर. दांड्याच्या तळाला पोलादी गोळी आणि खाली वाटी. वरचा दगड आता बोटाने ढकलला तरी फिरतो.

तुळईला फार हलकं लाकूड वापरू नका. आमची पहिली पाइनची फळी दगडाच्या वजनाने हळूहळू वाकत राहायची, सकाळी लावलेली फट दुपारपर्यंत मिटायची. शेवटी त्याच उंचीचा बर्चचा ठोकळा घातला.

२ जून

पहिला गहू. चाक फिरतंय, दगड फिरतोय, दाणे तोंडातून आत जाताहेत, बाहेर काही नाही. थोड्या वेळाने दगड कोमट लागला आणि चाक मंदावलं. दगड उचलून पाहिला तर सगळी भरड मध्याजवळ गच्च थापली गेलेली.

ही जोडी तिरक्या खाचांची आहे. खालच्या आणि वरच्या दगडाच्या खाचा समोरासमोर आल्या की एकमेकींना कातरतात, आणि त्यांचा छेद फिरण्याच्या दिशेप्रमाणे बाहेर किंवा आत सरकतो. योग्य दिशेने फिरवलं तर पीठ कडेकडे ढकललं जातं, उलट फिरवलं तर आत खेचलं जातं. आमचं चाक उलट फिरत होतं. हाताने दळणाऱ्या बाईला हे दोन मिनिटांत कळलं असतं आणि तिने दिशा बदलली असती.

आडव्या चाकाची दिशा बदलायची म्हणजे पन्हळ दांड्याच्या दुसऱ्या बाजूला न्यायची आणि प्रत्येक तिरपं पातं काढून उलट्या कलाने बसवायचं. पात्यांच्या खाचा तिरप्याच पाडलेल्या, म्हणजे तुंबाही नवा. सुतारकाकांनी या वेळी खाचा सरळ पाडल्या आणि पात्याच्या बुडाला तिरपी पाचर दिली. कल आता पाचर बदलून बदलता येतो. मूळ रचनेत असं नसावं, पण आम्ही काही संग्रहालय नाही. खाचा केंद्रातून सरळ कडेला जाणाऱ्या असतील तर ही भानगड उरत नाही. तिरक्या असतील तर आधी दगड हाताने दोन्ही दिशांनी फिरवून मूठभर गहू दळून पाहा, मगच चाकाची बाजू ठरवा.

१५ जून

पीठ येतंय, पण त्याला पीठ म्हणायचं तर मन मोठं हवं. अर्धी कणी, अर्धा कोंडा. फट मिटवत नेली की दगड घासतो, सोडली की दाणे जवळपास अखंडच बाहेर.

आई दोन महिन्यांसाठी आली आहे. तिने चिमूट उचलून बोटांत चोळली, मग दगडाच्या पोटावरून तळवा फिरवला. “अरे, हा तर गुळगुळीत झालाय. टाकी कधी लावली होती याला?” कधीच नाही. लहानपणी टाकी लावणारे, म्हणजे छिन्नीने टोचे मारून जातं पुन्हा खडबडीत करून देणारे, दारावर यायचे ते मला आठवत होतं, पण त्याचा या दगडाशी संबंध जोडला नव्हता. पिठाची गिरणी आणि जातं ही माझ्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत होती.

टंगस्टनच्या टोकाची छिन्नी आणि हलका हातोडा आणला. खाचा खोल केल्या, मधल्या सपाट भागावर बारीक टोचे मारले. तोंडाजवळ दगड किंचित पोकळ हवा, दाणा आत शिरायला, आणि कडेचा तीन-चार बोटं रुंद पट्टा दोन्ही दगडांत जुळता हवा, कारण बारीक दळण होतं ते तिथेच. कुठे जुळत नाही हे पाहायला सुतारकाकांची युक्ती : सपाट फळीला काजळी आणि जवसाचं तेल लावायचं, ती दगडावर फिरवायची, काळे डाग पडतील ते उंचवटे. फक्त तेवढेच टोचायचे. आईला ही युक्ती आवडली, मात्र हात फारच सावकाश चालतात असं तिचं मत पडलं.

धुळीबद्दल गंभीरपणे लिहितो. या दगडात गारगोटी आहे. छिन्नीने उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि परत येत नाही. इथून उत्तर-पश्चिमेला लुंगनोस नावाचा डोंगर आहे, तिथे मध्ययुगापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत गिरण्यांचे दगड काढत. दगड मऊ झालेला, पण गारगोटीने भरलेला, त्यामुळे दळायला उत्तम आणि काढणाऱ्यांना मारक. बोगद्यांत काम करणारे दगडफोडे फुप्फुसाच्या आजाराने तरुणपणीच जात. त्यातली एक खाण आता लोकांना पाहता येते. आम्ही दगड ओला ठेवून, उघड्यावर, पी३ फिल्टरचा मास्क लावून टाकी लावली. साध्या कापडी मास्कचा इथे काही उपयोग नाही.

टाकी लावल्यावर पहिले दोन-तीन किलो दळण कोंड्याचं करा आणि टाकून द्या. त्यात वाळू येते. कोंबड्यांनासुद्धा घालायची गरज नाही.

२३ जून

मिडसोमरच्या सुट्टीत गाव रिकामं, काम भरभर झालं. नरसाळं बसवलं. दाणे हाताने घातले तर चाकाची गती कमी-जास्त होते : मूठ पडली की मंद, संपली की पळतं आणि दगड दगडाला लागतो. जुन्या चक्कीत यावर एक गमतीदार उपाय आहे. नरसाळ्याखाली दोरीने टांगलेली तिरपी लाकडी पन्हळी, आणि तिला बांधलेली काठी फिरत्या दगडाच्या खडबडीत पाठीवर टेकलेली. दगड फिरला की काठी थरथरते, पन्हळी हलते, दाणे पडतात. दगड वेगात तर दाणे जास्त, मंद तर कमी, थांबला तर बंद. एकही सुटा भाग नाही जो बिघडेल. या सबंध यंत्रात मला सगळ्यात हुशार काय वाटलं तर ही काठी.

आमची काठी आधी नीट थरथरेना, कारण दगडाची पाठ घासून साफ केली होती. पाठीवर छिन्नीने चार उथळ खळगे पाडले, सुरळीत झालं.

खालच्या दगडाच्या भोकातून, दांड्याच्या कडेने, पीठ खाली पाण्यात सांडत होतं. तिथे बर्चचं दोन भागांतलं बूच ठोकलं आणि दांड्याभोवती तेलात भिजवलेली तागाची सुतळी गुंडाळली. सुतळी फार कसली की चाक अडतं, सैल केली की पाण्यात लापशी. अधूनमधून ती तपासावीच लागते.

वेग : तासाला पाव किलोच्या आसपास, चपातीला चालेल असं जाडसर पीठ. दोन्ही पंप मिळून जेवढी वीज खातात त्यात घरगुती चक्कीने याच्या कितीतरी पट दळलं असतं. पण ओढ्यावरच्या शेतकऱ्याला पंपाचं बिल येत नव्हतं.

७ जुलै

चक्की दिवसभर चालली. गहू, मग राय, मग ओट्स. ओट्सची टरफलं आधी काढावी लागतात हे आम्हाला तिथे आलेल्या एका आजींनी सांगितलं, तोवर पन्हळी तुंबली होती. दुपारी आईने आशियाई दुकानातून आणलेली ज्वारी घातली. दाणा लहान आणि कडक, पाचर जवळपास पूर्ण खाली घ्यावी लागली, पण पीठ गव्हापेक्षा एकसारखं आलं. भाकरी थापायची म्हणून तिने ते तिथेच वेगळं काढून ठेवलं आणि कोणाला दिलं नाही.

पोरांना दळणात फारसा रस नव्हता. त्यांना पन्हळ बोटाने अडवून चाक थांबवायचं होतं. थांबवू दिलं. काठी थांबते, दाणे थांबतात, हे त्यांनी न सांगता पाहिलं. मोठ्यांचा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा : मग इथे बंदुकीच्या नळ्या कशा भोकत? या चाकाने नाही, एवढंच उत्तर दिलं. ते दाखवायला हवं.

१७ ऑगस्ट

म्हणून उभं चाक. याच्या नोंदी आखूड ठेवतो, कारण यात सुतारकाकांचं काम जास्त आणि माझं धरून उभं राहण्याचं.

आडवं चाक एकच गोष्ट करतं, आपल्या डोक्यावरचा दगड फिरवतं. उभ्या चाकाचा दांडा आडवा बाहेर येतो, आणि त्या दांड्यावर काहीही टांगता येतं : हातोडा उचलणारी खुंटी, भात्याचा दट्ट्या, करवतीची चौकट, नळी भोकायचं सळईचं टोक. १६८९ साली या धबधब्यांपाशी जे आलं ते असं काम. दळायचंच असेल तर मात्र दिशा वळवायला आणि वेग वाढवायला दातेरी चाकं लागतात, आणि ती करणारा, दुरुस्त करणारा माणूस लागतो. चार घरांच्या ओढ्याला ते परवडत नाही. गढीला, सरकारला, कारखान्याला परवडतं.

आमचं उभं चाक एक मीटर व्यासाचं, पाणी वरून कप्प्यांत पडणारं. तीच पन्हळ, तेच पंप. फेरे मिनिटाला वीसच्या आसपास, पण हाताने थांबवायला गेलात तर थांबत नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला क्रिस्तोफर पोलहेम या स्वीडिश यंत्रज्ञाने छोट्या चाकांवर हजारो मोजण्या केल्या, आणि १७५९ साली इंग्लंडमध्ये जॉन स्मीटनने दाखवून दिलं की वरून भरणारं चाक खालून ढकलल्या जाणाऱ्या चाकाच्या साधारण दुप्पट ताकद देतं. आम्ही दांड्याला दोरी बांधून दगड भरलेली बादली उचलून पाहिली. आडव्या चाकाच्या दांड्यावर तीच दोरी कप्पीवरून नेली तर पाव बादलीला ते हरलं.

एवढ्यावरून उभं चाक चारपट ताकदवान असं समजू नका. पीळ जास्त, पण वेग कमी. गुणाकार केला तर अंतर दुपटीच्या आसपासच राहतं. मीही क्षणभर खूश झालो होतो.

दांड्यात दोन खुंट्या ठोकून एक लहान हातोडा उचलता केला. ठक्... ठक्... शेजाऱ्यांनी रविवारी सकाळी न चालवण्याची विनंती केली आहे.

२८ सप्टेंबर

आवराआवर. गोठण्याआधी पंप रिकामे करून घरात. पन्हळ मात्र सावलीत, गॅरेजच्या उत्तरेच्या भिंतीला. गरम जागेत ठेवली तर पुन्हा फाटणार. दगड वेगळे, उभे नाहीत, आडवे, मध्ये फळ्या घालून. दांड्याखालची गोळी गंजली होती, बदलली. पुढच्या वेळी स्टेनलेसची.

खर्च क्रोनांमध्ये : टाकी ५००, दोन पंप २,७००, लार्चच्या फळ्या १,७२०, जात्याची जोडी ९००, लोखंड, गोळ्या, बोल्ट ६४०, छिन्न्या आणि मास्क ७८०, डांबर, तेल, सुतळी ३१०. एकूण ७,५५०, रुपयांत साठ हजारांच्या आसपास. बर्च सुतारकाकांच्या लाकूडसाठ्यातला, त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. खर्च वाचवायचा असेल तर उंची वाढवा, पंप नाही : तेवढीच ताकद कमी पाण्यात मिळते, टाकीही लहान चालते. मात्र पंप त्या उंचीला खरंच किती देतो ते परत बादलीनेच मोजायचं.

वसंतात उभ्या चाकावरून दगड फिरवायचा आहे. मोठ्या चाकाला बत्तीस दात आणि छोट्या पिंजऱ्याला आठ काठ्या, म्हणजे बरोबर चारपट वेग, असं मी मांडलं होतं. सुतारकाकांनी बत्तीस खोडून एकतीस केले. बत्तीसला आठने पूर्ण भाग जातो, मग ठरावीक दात ठरावीक काठ्यांनाच भेटत राहतात आणि एखादी वाकडी काठी आपल्या वाट्याचे चार दात खाऊन टाकते. एकतीस केले की प्रत्येक दात पाळीपाळीने प्रत्येक काठीवर येतो आणि सगळे सारखे झिजतात. दात बर्चचे, वाळवायला ठेवलेत. दोन जास्तीचे कापून ठेवलेत, तुटतील तेव्हा लागतील.